मोजून दिलेली जाग

माझ्या धाकट्या भावाला जागं राहण्याचं व्यसन लागलं. असं म्हटलं की लोक हसतात, म्हणून पुढचं लगेच सांगते. अबू धाबीतल्या एका मोठ्या हॉटेलात तो बँक्वेटला होता. लग्नं, कंपन्यांच्या मेजवान्या, शेकडो पाहुण्यांच्या पंगती. एका शिफ्टच्या शेपटाला दुसऱ्या शिफ्टचं तोंड बांधलेलं. कुणा सहकाऱ्याने एकदा त्याच्या तळहातावर एक पिवळसर गोळी ठेवली. "यल्ला, घे. पाय दुखायचे थांबतील." पाय खरंच थांबले. मग झोप थांबली, भूक थांबली. वसईला आमच्या घरामागच्या बावखलात, त्या हिरव्या गोड्या तळ्यात, ज्या मुलाला मी पोटाखाली हात धरून पोहायला शिकवलं होतं, तो मुलगाही हळूहळू थांबला.

तो आमच्याकडेच राहायचा, मुसफ्फाच्या अलीकडे, आमच्या लहानशा फ्लॅटमध्ये. व्यसनाला आवाज असतो हे मला त्या दिवसांत कळलं. दातावर दात घासल्याचा आवाज, कोरड्या पाटीवर पेन्सिल ओढावी तसा, भिंतीपलीकडून येत राहायचा. त्याला वासही असतो. घामात मिसळलेला, मुठीत फार वेळ धरलेल्या नाण्यांसारखा तुरट. एका शुक्रवारी दुपारी मी ऑफिसातून आले, तर घरातले सगळे चमचे फडक्याने लखलखीत पुसून त्याने गालिच्यावर लहानमोठे असे ओळीने मांडले होते. स्वतः त्यांच्यासमोर उकिडवा बसून, आता कुणी पाहुणे येऊन जेवायला बसतील अशा नजरेने, तो त्या रांगेकडे पाहत होता. ओठ चावून सोललेले होते.

"बाय," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला आमच्यात बाय म्हणतात. "बाय, मला थांबव ना."

इथल्या कायद्यात एक दार आहे. पकडला जाण्याआधी जो आपल्या पायांनी उपचाराला जातो, त्याला गुन्हेगार धरत नाहीत. माझ्या नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही तिघं त्या दारातून आत गेलो. पण आत जाणं सोपं होतं, हे पुढे कळायचं होतं. गोळी सुटली की भाऊ बुडायचा. दिवसचे दिवस अंथरुणात, डोळ्यांत गाळासारखी उदासी, हाक मारली तर फार खोलातून वर येणारा हुंकार. मग कधीतरी त्या गाळातून वर येण्यासाठी पुन्हा तीच गोळी. पुन्हा उपचार केंद्र. पुन्हा गाळ.

तिथल्या डॉक्टर सुदानी होत्या. रुंद कपाळाच्या, नखांवर गडद मेंदी, आणि इंग्रजी अशी सावकाश की प्रत्येक शब्द आधी टेबलावर ठेवून मग आपल्याकडे सरकवतायत असं वाटे. तिसऱ्या खेपेला त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

"ह्या आजारावर हमखास औषध नाही," त्या म्हणाल्या. "अफूच्या व्यसनात पर्यायी औषध देण्याची पद्धत रुळलेली आहे. ह्या गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांमध्येच अजून वाद आहेत. काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. पण तुझ्या भावावर बाकीचं सगळं करून झालंय आणि त्याचं हृदय धडधाकट आहे. म्हणून मी परवानगी मागितली. ती मिळाली आहे."

औषध त्या गोळीच्याच कुळातलं होतं. मात्र हळूहळू विरघळणारं, दिवसभर थेंबाथेंबाने उतरणारं. ना झेप, ना आपटणं. "त्याच्या मेंदूला जाग हवी आहे," त्या म्हणाल्या. "बाजारातली जाग त्याला मारेल. मी त्याला जाग मोजून देणार आहे. पुढे सावकाश कमी करू."

माझा नवरा तसा मितभाषी, पण त्याला राहवलं नाही. "म्हणजे चोराला आपणच पगार चालू करायचा?"

डॉक्टर हसल्या. "पगार चालू झाला की बरेच जण चोरी सोडतात."

तेव्हापासून आमच्या घरात त्या कॅप्सूलला पगारच म्हणत. पहिले काही महिने ती माझ्या ताब्यात होती. कुलूपबंद कपाटातून काढून सकाळी मी ती त्याच्या हातावर ठेवायची. अर्धी निळी, अर्धी पारदर्शक. हलवली की आतले राजगिऱ्याएवढे दाणे सरकून कुजबुजल्यासारखे वाजत. "बाय, पगार," म्हणत तो यायचा, केस विस्कटलेले, उशीच्या खोळीचे वळ गालावर. ते वळ पाहताना मला काय वाटायचं हे मला आजही नीट मांडता येत नाही. मी कविता शिकलेली बाई, एम.ए.ला शब्दांच्या वजनांवर वाद घातलेले. पण माझा भाऊ रात्री झोपला होता, एवढ्या साध्या वाक्याला लावण्याजोगं एकही विशेषण मला सापडलं नाही.

एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "चिंच कमी पडलीय."

मी ताटावरून उठून ओट्याशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. कित्येक महिन्यांत त्याला कशाची चव लागल्याचं मी ऐकलं नव्हतं. मागून माझी लेक म्हणत होती, "मम्मा, व्हाय आर यू क्राइंग? इट्स जस्ट चिंच."

तो दिवसपाळीवर कामाला जाऊ लागला. आठवड्याला समुपदेशकाकडे बसायचा, तपासण्या स्वच्छ येत होत्या. डॉक्टरांनी मग त्याच्यावर विश्वास टाकला. महिन्याचं औषध त्याच्या स्वतःच्या हाती द्यायला सुरुवात केली. तो खोका बगलेत धरून बाहेर आला तेव्हा पहिल्या पगाराचं पाकीट मिळालेल्या पोरासारखा दिसत होता.

जानेवारीत आई आली, व्हिजिट व्हिसावर, सुक्या बोंबलांची पिशवी तीनदा गुंडाळून. येता-येताच तिने आमच्या घराचा सूर बदलून टाकला. मासळी बाजारात पापलेट हातात धरून दिरहमांचे रुपये करायची आणि इतक्या मोठ्याने करायची की मासेवाल्यालाही लाज वाटावी. संध्याकाळी जपमाळ, सकाळी तांदळाची भाकरी. भावाला डोळे भरून पाहायची. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहायची. त्याला काहीतरी झालं होतं, तो आता बरा आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकीचं त्यानेच एका सकाळी सांगून टाकलं, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळता-गिळता, हसत.

आईचा हात भाकरीवर थांबला. "म्हणजे, ज्या गोळीने तुझी वाट लावली, तिचीच ही बहीण?"

"चुलत बहीण, आई. सज्जन आहे."

"थट्टा करू नको. दारुड्याला कोणी रोज मापाने दारू पाजतं का?"

"आई," मी मध्ये पडले, "हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे. डायबेटिसवाल्याचं इन्सुलिन आपण काढून घेतो का?"

"ते आजारी असतात गं. हा काय आजारी आहे? ह्याला खोड लागली होती." तिने भाकरी उलटली. तव्यावर पाण्याचा थेंब चुरचुरला. मग ती अगदी हळू, सगळी माया ओतून, त्याला म्हणाली, "ही सुटेल ना, त्या दिवशी मी म्हणेन, माझा लेक सुटला."

तो हसला. पण ते हसणं ओठांवरच राहिलं आणि तो पेला विसळत वाजवीपेक्षा जास्त वेळ नळाशी उभा राहिला. मी त्याला नंतर विचारलं, आईचं मनावर घेतलंस का. "छे," तो म्हणाला. "आईचं काय मनावर घ्यायचं."

त्या वर्षी रमजान आणि आमचा ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ एकाच आठवड्यात लागले. सगळ्या शहराची लय एकदम बदलली. दुपारी रस्ते ओस, सूर्यास्ताला मशिदींतून अजानची लाट, आणि त्याच वेळी मुसफ्फाच्या चर्चमध्ये दाटीवाटीने उभे राहिलेले आम्ही. राखेच्या बुधवारी धर्मगुरूंच्या अंगठ्याचा खरखरीत स्पर्श कपाळावर झाला. बाहेर आलो तर वाळूचा वारा सुटलेला. राख कुठली आणि वाळू कुठली कळेना.

घरी येताना गाडीत माझी लेक म्हणाली, "आय ऍम गिव्हिंग अप चॉकलेट."

"श्श!" आई तिच्या गुडघ्यावर चापट मारत म्हणाली. "काय सोडलं ते सांगायचं नसतं. ते आपल्यात आणि देवात. सांगितलं की पुण्य उडून जातं."

"लाइक, इव्हॅपोरेट?"

"हो, तेच. व्हापोरेट."

आम्ही सगळे हसलो. भाऊ खिडकीशी बसला होता, तोही हसला. आमच्या घराची ही जुनी रीत. ईस्टरपर्यंत काहीतरी आवडीचं सोडायचं, आणि कोणी काय सोडलंय ते कुणी विचारायचं नाही. आई चहाकडे पाठ फिरवायची आणि आम्ही ते दिसत नसल्यासारखं वागायचो. लहानपणी भाऊ साखर सोडायचा आणि त्याचा चेहरा आठवडाभरात उतरायचा. तरी कुणी त्याला 'काय झालं' म्हणायचं नाही, कारण विचारणं म्हणजे त्याच्या उपासाला हात लावणं.

दुसऱ्या आठवड्यात त्याचा चेहरा तसाच उतरू लागला.

तो भलताच झोपू लागला. जेवता-जेवता पापण्या मिटायच्या, लेक त्याच्या नाकाला चमचा लावून म्हणायची, "मामा, यू आर सो स्लीपी!" ताटात वाढलेलं अधाशासारखं खायचा आणि मग तासन् तास भिंतीकडे तोंड करून पडायचा. बोलणं कमी झालं. हॉटेलात इफ्तारच्या मेजवान्या, त्यांच्यामागून पहाटेपर्यंत सहरीचे बुफे. माणसं कमी, म्हणून त्यालाही पुन्हा लांब पाळ्या लागल्या होत्या. मी ठरवलं, दमलाय. औषध घेतोस ना, असं मी एकदा विचारलं. "माझं बरोबर चाललंय, बाय," तो म्हणाला. आई मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजली, "बघ, मनापासून उपास करतोय पोरगा. कसा अंतर्मुख झालाय." तिच्या आवाजात एवढा अभिमान होता की मला तो शब्द गोड वाटला. अंतर्मुख. मी तो मनात दोनदा उच्चारून पाहिला.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आधी कधीतरी, भर दुपारी, माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. भाऊ एका सहकाऱ्याच्या गाडीतून कामावर निघाला होता. मुसफ्फाच्या वर्कशॉपांमागच्या रस्त्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. सहकाऱ्याकडे गोळ्यांची पाकिटं होती. माझ्या भावाच्या शर्टाच्या खिशात एक गोळी होती, आणि एक पोटात.

आधी आम्हाला धीर होता. तो केंद्राचा नोंदलेला रुग्ण. डॉक्टरांनी तसं पत्रही दिलं. पण त्याच्या तपासणीत बाजारातली गोळी सापडली, आणि त्यांच्या औषधाचा मागमूसही सापडला नाही. जो उपचार घेतच नव्हता, त्याला त्या दारातून आत कसं घेणार?

भेटीला काचेपलीकडे तो बसला होता. मध्ये टेलिफोनचा रिसीव्हर, त्याला कित्येकांच्या तळहातांचा ओलसर वास. मी एवढंच विचारलं, "औषध का नाही घेतलंस?"

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी ते उपासाला सोडलं होतं, बाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकते आहे.

"दुसरं सोडण्यासारखं माझ्याकडे आवडीचं होतंच काय? दारू पीत नाही, सिगरेट नाही. ईस्टरला आईला सांगणार होतो, आई, सुटली. तिच्यासमोर पूर्ण खोका ठेवणार होतो. पहिले दिवस जमलं. मग पाय उचलेना. सहरीच्या बुफेला उभ्या-उभ्या झोपलो, ट्रे सांडला. ज्याच्या गाडीत होतो, त्यानेच विचारलं, एक देऊ का. मी म्हटलं, एकच."

"मला का नाही सांगितलंस रे?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरले आहे. "सांगायचं नसतं ना."

औषधाचा खोका त्याच्या खणात मिळाला, कपड्यांखाली, सील न उघडलेला. रुग्णच घरी नसताना असं औषध घरात ठेवता येत नाही. तो परत करायला मी केंद्रात गेले. औषधविभागाच्या माणसाने तो मुकाट्याने घेतला, माझी सही घेतली. मागच्या खोलीतून डॉक्टर आल्या. रोजाने त्यांचे ओठ कोरडे पडले होते, आवाज खोल गेला होता. मी त्यांना उपासाचं सांगितलं. त्यांनी मेंदीची नखं टेबलाच्या कडेवर टेकवली.

मग त्या म्हणाल्या, "हबीब्ती, आजारी माणसाला रोजा माफ असतो."

"आमच्यातही असतो," मी म्हणाले.

"मग?"

ज्याने स्वतःला आजारी मानलं असतं, त्याने ती माफी घेतली असती. माझ्या भावाने त्या वसंतात स्वतःला कधीच आजारी मानलं नव्हतं. आपल्याला खोड आहे, असं त्याला वाटत होतं. आणि खोड माणसाने देवाच्या पायाशी ठेवायची असते. डॉक्टरांना हे इंग्रजीत कसं सांगावं ते मला सुचलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात थंड होता आणि त्याला लवंगेचा वास होता.

काही महिन्यांची शिक्षा झाली आणि मग त्याला कायमचं मायदेशी पाठवण्याचा हुकूम. निरोप द्यायला विमानतळावर जाता येत नाही. माणूस कोठडीतून परस्पर विमानात बसतो. त्याची बॅग आधी एका खिडकीवर द्यावी लागते. मी त्याचे शर्ट घडी करून भरले, बँक्वेटचे काळे बूट वर्तमानपत्रात गुंडाळले, आणि मग बाहेर काढून ठेवले. ते आता कुठे लागणार होते? बॅगेत थोडी मोकळी जागा उरली होती. तिथे ठेवावं असं एकच औषध होतं, आणि तेच मला कोणत्याही सीमेपलीकडे पाठवता येत नव्हतं.

व्हिसा संपल्यामुळे आई त्याच्याआधीच परतली होती. उपासाचं तिला कुणी सांगितलेलं नाही. ते सांगितल्याने कुणाचं भलं होईल, हे मी अनेकदा तोलून पाहिलं आहे, आणि दर वेळी तराजू तसाच ठेवून दिला आहे. तिला वाटतं, त्या सुदानी बाईच्या औषधानेच पोराला पुन्हा नादी लावलं.

डॉक्टरांनी वसईतल्या कुठल्याही डॉक्टरला दाखवता येईल असं सविस्तर पत्र भावाच्या नावे पाठवलं. तो ते घेऊन दोन ठिकाणी गेला. पहिल्या डॉक्टरने पत्र पूर्ण वाचलंच नाही. दुसऱ्याने वाचलं आणि परत केलं. असं औषध मी व्यसनी पेशंटला लिहून देणार नाही, म्हणाला, उद्या माझ्यावर यायचं. आईने मला हे फोनवर विजयाने सांगितलं. "डॉक्टरसुद्धा तेच म्हणाले, बघ. आता एकही गोळी नाही त्याच्या पोटात. एकही नाही."

काल दुपारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी व्हिडिओ कॉल लावला. इकडे काचेबाहेर रस्ता उन्हाने पांढरा झालेला. तिकडे आईच्या मागे केळीची ओली पानं हलत होती.

"तो कुठाय?"

"झोपलाय," आई म्हणाली. "थांब, दाखवते." चपलांचा आवाज झाला, दाराची कडी वाजली, पडद्यावर अंधार आणि मग माझा भाऊ. कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेतलेले. दाढी वाढलेली. उशाशी झाकलेलं ताट तसंच होतं. आईने फोन त्याच्या चेहऱ्याजवळ नेला, मूल झोपल्यावर नातेवाइकांना दाखवतात तसा.

"कालपासून झोपतोय," ती कुजबुजली. "किती शांत वाटतं गं ह्याच्याकडे बघून."

"आई, उठव त्याला."

"कशाला? झोपू दे. किती वर्षांची झोप राहिलीय पोराची."

"आई, ऐक माझं. खिडकी उघड. उठव त्याला, तोंड धुऊ दे, अंगणात बसव. त्याच्याशी बोलत राहा. संध्याकाळी मी ठाण्याला कुणी चांगले मानसोपचारवाले आहेत का ते विचारते."

"तू उगाच घाबरतेस," आई म्हणाली, पण तिने फोन खाली ठेवला. पडद्यावर आता नुसतं छत होतं, कोपऱ्यात ओल धरलेलं. मला तिचा आवाज ऐकू येत होता. भावाला लहानपणी शाळेसाठी उठवायची तसा, लाडिक, एका लयीत. तिने त्याला हाक मारली. पुन्हा मारली. मी ऑफिसच्या जिन्यात फोन कानाशी घट्ट धरून उभी होते आणि त्याच्या हुंकाराची वाट पाहत होते.

"ऊं," तो अखेर म्हणाला, फार लांबून. आणि मग, "कोणाचा फोन? बायचा? तिला म्हणावं, मी नंतर करतो."